जयपूर किती लांब?

कराडच्या कोल्हापूर नाक्यावरून जाणाऱ्या महामार्गाचा क्रमांक ४८ आहे. जयपुरातून अजमेरकडे निघणाऱ्या रस्त्याचा क्रमांकही ४८च. हा एकच रस्ता. दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, पुणे, सातारा, कोल्हापूर करत तो बेळगाव-बंगळूरमार्गे चेन्नईला पोचतो. लांबी सुमारे २,८०० किलोमीटर. सोलापूर-तुळजापूरच्या रस्त्याचा क्रमांक ५२. तोही बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा असा जयपुरात शिरतो आणि तिथे त्याला टोंक रोड म्हणतात. जयपूरचा सांगानेर विमानतळ याच टोंक रोडच्या बाजूला आहे. विमानातून उतरून टॅक्सीत बसलेला मराठी प्रवासी ज्या रस्त्याला लागतो, त्याच रस्त्यानं दक्षिणेला निघालं तर तुळजापूर लागतं.

महाराष्ट्र आणि जयपूर असे दोन-दोन महामार्गांनी बांधलेले असताना ‘जयपूर किती लांब?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र एक नाही. मुंबईपासून विचाराल तर विमानाच्या हिशेबानं साधारण ९१० किलोमीटर, रस्त्यानं ११५० आणि रेल्वेनं ११६०च्या आसपास. वेळ विचाराल तर वेळापत्रकात विमानाचे दोन तास, रेल्वेचे सतरा-अठरा आणि गाडीनं गेलात तर नुसतं चाक फिरण्याचे वीसेक तास. सुट्टीत जयपूरला जायचं ठरलं की घरोघरी याच आकड्यांवर वाद रंगतो. वाद मिटत नाही, कारण प्रत्येक आकडा वेगळ्याच गोष्टीची मोजणी करत असतो.

पूर्वी हे अंतर दिवसांत नव्हे, महिन्यांत मोजावं लागे. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५च्या फेब्रुवारीत पुण्याहून उत्तरेच्या तीर्थयात्रेला निघाल्या. बुऱ्हाणपूरवरून त्या मे महिन्यात उदयपूरला पोचल्या, पुढे नाथद्वारा, आणि जूनमध्ये जयपूर. चार महिने. पावसाळाभर मुक्काम जयपुरातच झाला, कारण भर पावसात नद्या आणि चिखल ओलांडत एवढा लवाजमा पुढे नेणं शक्य नव्हतं. मग मथुरा, प्रयाग, काशी, गया करून त्या १७३६च्या उन्हाळ्यात पुण्यात परतल्या.

या चार महिन्यांत पालखी रोज चालत होती असं समजू नये. वाटेतली प्रत्येक राजधानी म्हणजे मानपान, नजराणे आणि मुक्काम. प्रत्येक तीर्थ म्हणजे स्नान आणि दानधर्म. त्या काळी मराठ्यांची सत्ता नर्मदेपलीकडे वेगानं सरकत होती आणि पेशव्यांच्या आईला सन्मानानं वाट करून देणं हे राजपुतान्यातल्या राजांच्या राजकारणाचं अंग होतं. सवाई जयसिंगांनी राधाबाईंचा मोठा आदरसत्कार केला. पुढच्याच वर्षी जयसिंग आणि बाजीराव यांची किशनगढजवळ भंबोला इथे समक्ष भेट झाली. म्हणजे जयपूरच्या वाटेवर गेलेला बराचसा वेळ अंतरानं खाल्लेला नव्हता. तो मुक्कामांनी आणि माणसांनी घेतलेला होता. लष्करी इतमामानं निघालेल्या प्रवासाचा वेगही फार निराळा नव्हता. शिवाजी महाराज ५ मार्च १६६६ रोजी राजगडाहून निघाले आणि १२ मे रोजी आग्र्याच्या दरबारात उभे राहिले. हे अंतर सरळ रेषेत मुंबई-जयपूरपेक्षा जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर जास्त आहे, आणि त्याला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला.

राधाबाई जयपुरात होत्या तेव्हा शहर वसून आठ वर्षंही झाली नव्हती. १७२७च्या नोव्हेंबरमध्ये पाया घातलेलं, आखीव चौकटीत बांधलेलं ते नवं कोरं गाव, आणि राजवाड्याशेजारी जयसिंगांची वेधशाळा, म्हणजे जंतरमंतर, उभी राहत होती. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीची दगडी छायाघडी. तिच्या तिरप्या भिंतीचा चढ जवळपास २७ अंशांचा आहे, कारण जयपूरचा अक्षांशच तेवढा आहे आणि ती भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवलेली आहे. या एका भिंतीत ‘हे गाव पृथ्वीवर नेमकं किती उत्तरेला’ याचं उत्तर बांधून ठेवलं आहे.

जयसिंगांचे गुरू आणि दरबारी गणिती पंडित जगन्नाथ सम्राट यांचं घराणं मूळचं महाराष्ट्रातलं. त्यांनी युक्लिडच्या भूमितीचं ‘रेखागणित’ नावानं आणि टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’चं ‘सम्राटसिद्धान्त’ नावानं अरबीवरून संस्कृतात रूपांतर केलं. ‘रेखागणित’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई संस्कृत मालेत छापूनही निघालं. मराठी वाचकांना हे नाव फारसं ठाऊक नसावं ही खेदाची गोष्ट आहे, कारण दोन शहरांमधलं हवाई अंतर काढायला लागणारी मूळ भूमिती मराठी मुळाच्या या पंडितांनी जयपुरात बसून संस्कृतात आणली होती.

ते अंतर कागद-पेन्सिलीनं कुणालाही काढता येतं. मुंबई विमानतळाचा अक्षांश १९.०९ अंश, जयपूर विमानतळाचा २६.८२. फरक ७.७३ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे जयपूर मुंबईच्या ८५८ किलोमीटर उत्तरेला. रेखांशांतला फरक २.९४ अंश, पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, आणि या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात एका अंशाला साधारण १०२ किलोमीटरच उरतात. म्हणून जयपूर मुंबईच्या ३०० किलोमीटर पूर्वेला. आता काटकोन त्रिकोणाचा शाळेतला नियम: दोन्ही बाजूंचे वर्ग, त्यांची बेरीज, वर्गमूळ. उत्तर येतं ९०९. पृथ्वीची गोलाई चोख धरून केलेला हिशेब याच्या दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे येतो. पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून हीच रीत वापरली तर ९३५ किलोमीटरच्या आसपास अंतर मिळतं. एवढ्या जवळच्या शहरांना हे साधं गणित चालतं. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या साडेबारा हजार किलोमीटरच्या अंतराला चालत नाही. तिथे गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग सपाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेला दिसतो.

नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते जयपूर रेघ ओढली तर ती दाहोदवरून आणि पुढे प्रतापगढजवळून जाते. रस्त्याला हे जमत नाही. सातपुडा आणि विंध्याच्या रांगा, तापी आणि नर्मदेची पात्रं, पुढे अरवली, हे सगळं टाळत किंवा सोयीच्या जागी ओलांडत तो गुजरातच्या सखल पट्ट्यातून जातो. तापी सुरतेला, नर्मदा भरूचला, मग वडोदरा-अहमदाबाद, तिथून शामळाजीवरून राजस्थानात आणि अरवलीच्या डोंगरांतून उदयपूर. म्हणूनच ९१०चे ११५० होतात. सरळ रेषेपेक्षा सव्वापट. हे वाईट प्रमाण नाही. डोंगराळ मुलखात ते याहून बरंच वाढतं.

विमान तरी पट्टीनं आखलेल्या रेघेवरून जातं का? नाही. मुंबईत वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे विमानं समुद्राच्या दिशेनं झेपावतात. जयपूरला निघालेलं विमानही आधी अरबी समुद्रावर जातं आणि मग वळून उत्तर धरतं. पुढे आकाशातही ठरलेले मार्ग असतात. भारतीय हवाई क्षेत्राचा सुमारे ६० टक्के भागच नागरी विमानांना मोकळेपणानं वापरता येतो, असं केंद्र सरकारनं २०२० साली सांगितलं होतं. बाकीचा सैन्यदलांसाठी राखीव. ही बंधनं सैल केली तर विमान कंपन्यांचे वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील, असा सरकारचा अंदाज होता. चार-पाच मिनिटांचा वळसा प्रवाशाला जाणवत नाही, इंधनाच्या बिलात मात्र तो चोख दिसतो.

उंचीचेही नियम आहेत. ज्यांची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडून दक्षिणेपर्यंतच्या अर्धवर्तुळात येते, त्या विमानांना विषम पातळ्या मिळतात: ३३, ३५, ३७ हजार फूट. उरलेल्या अर्धवर्तुळातल्यांना सम. मुंबईहून जयपूर उत्तरेच्या किंचित पूर्वेला आहे, म्हणून जाताना विमान साधारण ३५ किंवा ३७ हजारांवर असेल तर परतताना ३४ किंवा ३६ हजारांवर. समोरासमोर येणाऱ्या विमानांत हजार फुटांचं अंतर आपोआप राहतं.

विमानाचा पूर्ण वेग ताशी ८०० किलोमीटरच्या वर असतो, पण तो मिळतो फक्त मधल्या टप्प्यात. उड्डाणानंतर ३५ हजार फूट गाठायला वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि तोवर दोनेकशे किलोमीटर मागे पडलेले असतात. उतरणं सुरू होतं ते जयपूर आणखी २०० किलोमीटर दूर असताना, चित्तोड आणि बुंदीच्या दरम्यान कुठेतरी. दर हजार फूट उंचीला साधारण साडेपाच किलोमीटर लांबी, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. म्हणजे ९१० किलोमीटरांत खरा सुसाट टप्पा उरतो पाचशेचा. हवेतला वेळ होतो सुमारे दीड तास.

मग तिकिटावर दोन तास का लिहिलेले असतात? वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि जयपूरच्या फलाटाला लागून थांबलं की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. तासाला चाळीसहून अधिक विमानं प्रत्यक्षात एकाच पट्टीवरून चढ-उतार करतात. जगात इतकी गर्दी इतक्या अपुऱ्या जागेत हाताळणारे विमानतळ थोडेच आहेत. रांगेत उभं राहण्याची पंधरा-वीस मिनिटं कंपन्या आधीच हिशेबात धरतात. ‘वेळेआधी पोचलो’ अशी घोषणा होते, तेव्हा पुष्कळदा रांग त्या दिवशी लहान होती एवढंच घडलेलं असतं.

आता घरापासून घरापर्यंतचा हिशेब. डोंबिवलीतलं एखादं कुटुंब सकाळी साडेआठच्या विमानानं निघणार असेल, तर सामान देण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, गेट पंचवीस मिनिटं आधी. सुरक्षा तपासणीची रांग धरून सातला विमानतळावर असायला हवं, म्हणजे साडेपाचला घर सोडायचं. साडेदहाला जयपूर. सामानाचा पट्टा, टॅक्सी, आणि सांगानेरहून जुन्या शहरापर्यंतचे बारा-तेरा किलोमीटर. साडेअकराला हॉटेलात. सहा तास झाले. ९१० किलोमीटरला सहा तास म्हणजे ताशी दीडशे. ८०० किलोमीटर वेगाच्या यंत्रातून गेलेल्या माणसाचा खरा वेग एवढाच, पण गाडी किंवा रेल्वेच्या मानानं तो फारच चांगला आहे. इथे विमान निर्विवाद जिंकतं.

दिल्ली-जयपूरला हाच हिशेब उलटतो. दोन विमानतळांमधलं अंतर जेमतेम २३० किलोमीटर. विमान नीट उंचीवर जाण्याआधीच उतरायला लागतं, त्यामुळे वेळापत्रकात तासभर. त्याला घर ते विमानतळ, रांगा, सामान, टॅक्सी जोडली की चार तास सहज. ताशी साठसुद्धा पडत नाही. रस्त्यानं हे अंतर २७०-२८० किलोमीटर आहे आणि पूर्वीच्या महामार्गानं पाचेक तास लागत. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाचा सोहना ते दौसा हा २४६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला, तेव्हा हाच प्रवास साडेतीन तासांवर येईल असं सांगण्यात आलं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वंदे भारतही या मार्गावर धावू लागली. दुसऱ्या विमानाला जोडून जायचं असेल तरच दिल्ली-जयपूर विमानाला अर्थ आहे. मुंबई-पुणेकरांना हे समजावून सांगायला नको. १९३०पासून धावणारी डेक्कन क्वीन आणि २००२पासूनचा द्रुतगती मार्ग यांच्यापुढे या दोन शहरांमधली विमानसेवा कधी तगली नाही.

रेल्वेचा विचार वेगळा करायला हवा, कारण रेल्वे रात्र वापरते. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी निघालेली जयपूरची सुपरफास्ट सुरत-वडोदऱ्यावरून रतलामला पोचेपर्यंत प्रवासी झोपेत असतो. सकाळी कोटा, मग सवाई माधोपूर आणि दुपारच्या सुमारास जयपूर. दशम्या-चटणीचा डबा बोरिवली सुटताच उघडतो आणि सतरा-अठरा तासांतले सात-आठ बर्थवर झोपेत जातात. हॉटेलची एक रात्र वाचते. सरळ जाणारी ही सोय मात्र फार जुनी नाही. जयपूरचे रूळ दीर्घकाळ मीटर गेजचे होते आणि मुंबईची गाडी ब्रॉड गेजवरची, त्यामुळे वाटेत सामानसुमानासह गाडी बदलणं भाग पडे. १९९२मध्ये रेल्वेनं देशभर एकच रुंदी आणण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्या दशकात जयपूर ब्रॉड गेजनं जोडलं गेलं. अंतर होतं तेवढंच राहिलं, प्रवास मात्र बराच लहान झाला.

ही वेळापत्रकं जुळतात ती सगळ्या देशाचं घड्याळ एक आहे म्हणून. जंतरमंतरच्या सम्राट यंत्रावर सावली जी वेळ दाखवते ती जयपूरची स्थानिक वेळ. भारतीय प्रमाण वेळेपेक्षा ती सरासरी सत्तावीस मिनिटं मागे असते, आणि मुंबईचा सूर्य जयपूरच्याही बारा मिनिटं मागे. ऋतूनुसार यात थोडा फेर पडतो. तिथे गेलेल्यांनी मनगटावरच्या घड्याळाशी हा फरक ताडून पाहावा, दगडी यंत्राची अचूकता पाहून थक्क व्हायला होतं.

रस्त्याच्या बाबतीत परिस्थिती झपाट्यानं बदलते आहे. वडोदरा-अहमदाबाद द्रुतगती मार्ग २००४पासून आहे. भरूचला नर्मदेवर तासन् तास वाहनं तुंबत. २०१७मध्ये नवा पूल झाल्यावर तो फास बराच सुटला. १,३८६ किलोमीटरचा दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्ग पुरा झाला की दोन महानगरांमधला प्रवास बारा तासांत होईल, असा सरकारचा दावा आहे. हा मार्ग जयपुरातून जात नाही. दौसा, सवाई माधोपूर, कोटा, रतलाम, वडोदरा अशी त्याची वाट आहे. मुंबईहून येणाऱ्याला दौशाच्या बाजूनं जयपूर गाठता येईल. किलोमीटर फारसे वाचणार नाहीत, तास वाचतील.

पण आज तरी मुंबई-जयपूर हा एका बैठकीचा रस्ता नव्हे, आणि याबाबतीत मराठी घरांत अकारण शौर्य दाखवलं जातं. ‘रात्री निघू, उद्या संध्याकाळी पोचू, एकटाच चालवतो’ असं ठरवून निघणारे पुष्कळ असतात. व्यावसायिक बस-ट्रकचालकांसाठी १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली आहे. रोज चाकावर बसणाऱ्या माणसासाठी कायदा जे थकवणारं मानतो, ते वर्षातून एकदा लांबचा प्रवास करणाऱ्याला दुप्पट-अडीचपट झेपेल असं धरून चालणं धोक्याचं आहे. किशनगढ ते जयपूर या पट्ट्यात संगमरवराचे अवजड ट्रक आणि टँकर रात्रंदिवस असतात. २० डिसेंबर २०२४च्या पहाटे जयपूरजवळ भांक्रोट्याला याच महामार्गावर गॅसच्या टँकरला ट्रकची धडक बसून जी आग लागली, तिच्यात अनेकांचे प्राण गेले आणि आसपासची कितीतरी वाहनं जळाली.

डिसेंबर-जानेवारीत धुकंही हिशेबात धरायला हवं. दिल्लीत धुकं पडलं की तिथली विमानं जयपूरकडे वळवली जातात, आणि सांगानेरला जागा अपुरी पडून मुंबई-पुण्याच्या विमानांनाही उशीर होतो. त्या दिवसांत सकाळच्या पहिल्या विमानापेक्षा दुपारचं विमान घेतलेलं बरं.

वृद्ध आईवडील आणि तीन-चार दिवसांची सुट्टी असेल तर विमानच घ्यावं. मुलं बरोबर असतील आणि खर्च आवरायचा असेल तर रात्रीची रेल्वे. गाडीनं जायचंच असेल तर चालवणारे दोघं असावेत आणि मुंबईपासून साडेसातशे किलोमीटरच्या पुढे असलेल्या उदयपूरला मुक्काम करावा. तिथून जयपूर चारशे किलोमीटरांच्या आत आहे. सकाळी धुकं विरल्यावर निघालं तरी अंधार पडण्याआधी पोचता येतं.